पेनड्राइव्ह आपोआप जोडला जावा, पण आपोआप उघडू नये



दिवाळीच्या सुट्टीआधी तिसरीच्या मुलांचं प्रकट वाचन मी मोबाइलवर रेकॉर्ड करून पेनड्राइव्हमध्ये ठेवलं होतं. त्यात जूनपासून अडखळणाऱ्या एका मुलीचं पहिलं सलग वाचन होतं. सुट्टीनंतर ती आईवडिलांबरोबर ऊसतोडीला गेली.

मधेच तोच पेनड्राइव्ह मी प्रिंट काढायला एका दुकानात दिला. शाळेत परत लावला तर सगळ्या फोल्डरचे शॉर्टकट झालेले! मी घाबरून फॉरमॅट मारला. नंतर कळलं, हा व्हायरस बहुतेक वेळा मूळ फोल्डर पुसत नाही, फक्त लपवतो. रेकॉर्डिंग तिथंच असणार होतं. पुसलं ते मी.

तेव्हापासून माझं मत पक्कं झालं आहे. पेनड्राइव्ह लावल्यावर संगणकाने तो ओळखून जोडून घेणं ही सोय आहे, ती असावी. पण जोडणं वेगळं आणि त्यातलं काही आपोआप उघडणं किंवा चालू होणं वेगळं. पाहुण्याला दार उघडलं म्हणजे कपाटाच्या किल्ल्या दिल्या असं होत नाही ना?

सीडी घातली की प्रोग्राम सुरू व्हावा म्हणून विंडोज ९५ मध्ये 'ऑटोरन' आलं. पुढे हीच सोय व्हायरसने पेनड्राइव्हवरून पसरायला वापरली. २००८ मधला कॉन्फिकर असाही पसरला. शेवटी विंडोज ७ मध्ये पेनड्राइव्हसाठी ऑटोरन बंद झालं आणि २०११ मध्ये एक्सपी आणि व्हिस्टासाठीही तसं अपडेट आलं. तरी धोका संपला नाही, कारण शॉर्टकटवर क्लिक करणारा हात आपलाच असतो.

काही जण म्हणतात, शाळेत पेनड्राइव्हच बंद करा. मला ते पटत नाही. जिथं नेटला रेंज नाही, तिथं पेनड्राइव्हशिवाय काम कसं चालणार? त्यापेक्षा सवयी लावूया:

१. सेटिंगमध्ये 'ऑटोप्ले' शोधून बंद करा. पेनड्राइव्ह तरीही 'धिस पीसी'मध्ये दिसतो.
२. आधी स्कॅन, मग उघडणे.
३. फोल्डरच्या चित्रावर छोटा बाण दिसला तर क्लिक करू नका. फॉरमॅटही मारू नका, आधी लपलेल्या फाइल्स शोधा.
४. काढताना 'इजेक्ट' करा. कॉपी चालू असताना ओढला तर फाइल खराब होते.
५. महत्त्वाचं काहीही दोन ठिकाणी ठेवा.

आमच्या वर्गात आता मुलंच मला टोकतात, "सर, आधी स्कॅन!" ती मुलगी उन्हाळ्यात गावी परतेल, तेव्हा तिला पुन्हा वाचायला लावणार आहे. पण पहिल्यांदा सलग वाचतानाचा तो आवाज काही परत मिळायचा नाही. तुमच्या वर्गातले असे आवाज आजच दुसरीकडे कॉपी करून ठेवा.