शेतावरील डिझेल : साठा किती, किती काळ?

जानेवारी २०२४ मध्ये वाहनचालकांच्या संपामुळे मनमाडजवळील पानेवाडीच्या इंधन प्रकल्पांतून टँकर बाहेर पडेनात आणि छत्रपती संभाजीनगरच्या पंपांवर रांगा लागल्या. तेव्हापासून ट्रॅक्टरसाठी शेतावर डिझेल साठवण्याचा विचार बळावणे स्वाभाविक आहे. १९३४ च्या पेट्रोलियम कायद्यानुसार एका ठिकाणी २,५०० लिटरपर्यंत डिझेल विनापरवाना ठेवता येते. मात्र कोणतेही पिंप १,००० लिटरपेक्षा मोठे नसावे. खरी मर्यादा वेगळीच आहे. अर्धवट भरलेल्या पिंपात दमट हवेतील बाष्पाचे पाणी होऊन तळाशी साचते, त्यात जिवाणू वाढतात आणि त्यांचा गाळ फिल्टर व इंजेक्टर निकामी करतो. संप दोन दिवसांत मिटला. ऐन पेरणीत ट्रॅक्टर बंद पडल्यास मात्र हंगाम हुकतो. म्हणूनच लहान शेतकऱ्याने सावलीत, घट्ट झाकणाच्या पिंपात, एका हंगामापुरताच साठा ठेवणे शहाणपणाचे ठरेल.