‘वरून माल आला नाही’



हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा आमच्या भागातली निम्मी गावे रिकामी झालेली असतील. दसरा-दिवाळी उरकली की बीड, पाटोदा, वडवणी, धारूर इकडच्या टोळ्या ट्रक-ट्रॅक्टरमध्ये संसार लादून ऊसतोडीला निघतात, त्या उन्हाळा तापल्यावर परततात. दरवर्षी या दिवसांत आमची धावपळ मुलांच्या शाळेसाठी आणि रेशनकार्डांसाठी चालते. या वर्षी धावपळ गोळ्या गोळा करण्याची आहे. कसल्या गोळ्या, हे सांगायचे तर आधी स्वतःबद्दल सांगावे लागेल. संपादकीयात स्वतःचे गाऱ्हाणे मांडू नये असा संकेत आहे, तो या वेळी मोडते.

बत्तिसाव्या वर्षी माझी पाळी थांबली. चाळिशीच्या आत असे होणाऱ्या बायका शंभरात एखादी तरी असतात आणि पुष्कळदा कारण सापडत नाही. माझेही सापडले नाही. डॉक्टरीणबाईंनी समजावले की बीजकोश जे इस्ट्रोजेन तयार करतात ते केवळ पाळीसाठी नसते. हाडे, हृदय, झोप, योनीचा ओलावा या सगळ्याला ते लागते. पन्नाशीच्या आसपास ते कमी होणे हा निसर्गक्रम झाला, बत्तिसाव्या वर्षी संपणे हा आजार. म्हणून निदान पन्नाशीपर्यंत ते बाहेरून घ्यायचे. तेव्हापासून मी रोज दंडाला इस्ट्रोजेनचे जेल लावते आणि गर्भाशय शाबूत असल्यामुळे प्रोजेस्टेरॉनची कॅप्सूल घेते. दिवस नीट चालले होते.

२०२४ च्या पावसाळ्यात मेडिकलवाल्याने सांगितले, ‘‘मॅडम, वरून माल आला नाही.’’ पुढच्या आठवड्यात तेच उत्तर. बीड शहरातली चार दुकाने फिरले. पुण्याच्या बहिणीला सांगितले, तिलाही मिळाले नाही. सात आठवडे असे गेले. रात्री दोनदा उठून गाऊन बदलावा लागे. गुडघे आणि बोटांचे सांधे धरले. एका सहकारी कार्यकर्तीवर मी सर्वांदेखत ओरडले आणि घरी येऊन रडले. कामाला कंटाळलो आहोत असे मला वाटू लागले होते. औषध आठवायला आठ-दहा दिवस लागले, हे एम.एस.डब्ल्यू. करून आरोग्यावर शिबिरे घेणाऱ्या बाईचे!

त्याच दिवसांत एका गावी ऊसतोड करणाऱ्या बायकांची बैठक होती. देवळाच्या ओट्यावर पंचवीसेक जणी. बाहेर पाऊस आणि मी वहीने वारा घेते आहे. समोरची एक बाई, वय ३४, मला बराच वेळ पाहत होती. म्हणाली, ‘‘ताई, तुमचीबी पिशवी काढली का?’’

मी नाही म्हटले.

‘‘मग आग कशानं व्हायलीय?’’

मी सांगितले. माझे औषध सात हप्ते मिळाले नाही हेही सांगितले. तिने ऐकून घेतले. मग शेजारणीकडे बघत म्हणाली, ‘‘सात वर्सं झाली माझी पिशवी काढून. रातच्याला पार वल्ली होते मी. मोळी उचलली की कंबर धरतीय. मुकादम म्हणतो, नाटकं करती. असलं काही औषध असतंय, हे मला कुनी सांगितलंच न्हाई.’’

ही बैठक माझ्या मनातून जात नाही. माझ्यासाठी जी टंचाई सात आठवड्यांची होती ती तिच्यासाठी सात वर्षांची होती, आणि तिला टंचाई म्हणायचीही सोय नव्हती.

बीडची गोष्ट आपल्या वाचकांना नवी नाही. २०१९ मध्ये वर्तमानपत्रांनी ती देशभर नेली. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांची पाहणी झाली, त्यातल्या १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले निघाले. म्हणजे सहांत एक. पाळीत खाडा पडला की मुकादमाचा दंड, पालावर ना पाणी ना आडोसा, अंगावरून जाते म्हणून दवाखान्यात गेले की ‘कॅन्सर होईल’ ही भीती, आणि उचल घेऊन ऑपरेशन. हे सारे तेव्हा लिहून झाले आहे. जिल्ह्यात खाजगी दवाखान्यांना अशा शस्त्रक्रियेआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी लागेल असे ठरले. एप्रिल २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही बिहार, छत्तीसगड, राजस्थानातल्या प्रकरणांत निकाल देताना अनावश्यक शस्त्रक्रिया रोखण्याची मार्गदर्शक तत्त्वे राज्यांनी लागू करावीत असे बजावले. हे हवेच होते. पण हा सगळा बंदोबस्त पुढच्या बायकांसाठी झाला. ज्यांचे आधीच काढून झाले त्यांचे काय, हा प्रश्न आम्हीही तेव्हा विचारला नाही. आपले मोर्चे, आपली निवेदने ‘थांबवा’ म्हणत होती.

त्या बैठकीनंतर आम्ही बायकांना दवाखान्याचे कागद आणायला सांगितले. ज्यांच्याकडे होते अशा सोळा जणींनी आणले. पिशवीत, ट्रंकेत, एकीने तर पत्र्याखाली जपून ठेवलेले. डिस्चार्ज कार्डावर इंग्रजीत शस्त्रक्रियेचे नाव असते. ‘टी.ए.एच.’ म्हणजे पोट उघडून गर्भाशय काढले. त्यापुढे ‘बी.एस.ओ.’ ही तीन अक्षरे असली तर दोन्ही बाजूंच्या नळ्या आणि दोन्ही बीजकोशही काढले. सोळांपैकी दहांच्या कार्डावर ती होती. एकीलाही ठाऊक नव्हते. ‘पिशवी काढली’ एवढेच प्रत्येकीला माहीत. बीजकोश राहिले असले तरी अशा बाईची रजोनिवृत्ती थोडी लवकर येऊ शकते. पण दोन्ही गेले की ती त्याच दिवशी येते, मग वय सत्तावीस असो की सदतीस. जिचे हाड तिशीतच झिजू लागले ती बाई उसाची मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढते.

आता चळवळीतल्या घरच्या भांडणाविषयी. हे मी मांडले तेव्हा आमच्या गटातल्या एक ज्येष्ठ ताई फार अस्वस्थ झाल्या. ‘‘आता आपण हार्मोनच्या कंपन्यांची वकिली करायची का?’’ असे त्यांनी सरळ विचारले. त्यांचा राग मला कळतो. या बायकांनी गर्भ राहिला की नाही हे पाहायला दिल्या जाणाऱ्या जास्त मात्रेच्या ई.पी. औषधांविरुद्ध वर्षानुवर्षे झगडा दिला, तेव्हा कुठे १९८८ मध्ये त्यांवर बंदी आली. नेट-एन इंजेक्शनच्या चाचणीत बायकांना पुरते काही न सांगता ओढले जाते म्हणून स्त्रीशक्ती संघटना, सहेली, चिंगारी या गटांनी १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालय गाठले. शिवाय अमेरिकेत १९६६ साली रॉबर्ट विल्सन नावाच्या डॉक्टराने बाईला ‘कायम स्त्री’ ठेवण्याच्या नावाने इस्ट्रोजेनचा गाजावाजा केला, त्याला औषध कंपनीचा पैसा होता. आणि १९७५ मध्ये दिसले की गर्भाशय असलेल्या बाईला नुसते इस्ट्रोजेन दिले तर त्या अस्तराचा कर्करोग वाढतो. हार्मोन म्हटले की आपले कान टवकारतात ते उगाच नाही.

पण मी ताईंना म्हटले, आपण तेव्हा मागत होतो ते काय? बाईला पूर्ण माहिती द्या आणि तिच्या गरजेप्रमाणे उपचार द्या. नको असलेले हार्मोन टोचणे आणि शरीरातले काढून घेऊन परत न देणे, दोन्हीकडे बाईला विचारलेलेच नाही. ताई तेव्हा काही बोलल्या नाहीत. पुढच्या बैठकीला मात्र आल्या, आणि कार्डे वाचायला त्याच बसल्या.

डॉक्टरांशी बोलताना दुसरी भिंत लागते. ‘‘याने कॅन्सर होतो’’ म्हणून चिठ्ठीच मिळत नाही. ही भीती आली ती अमेरिकेच्या एका मोठ्या अभ्यासातून, जुलै २००२ मध्ये त्याचा एक भाग मध्येच थांबवला गेला. त्यातल्या बायका ५० ते ७९ वयाच्या, सरासरी ६३ च्या, आणि इस्ट्रोजेनसोबत कृत्रिम प्रोजेस्टिन घेणाऱ्या होत्या. दर दहा हजार बायकांमागे वर्षाला स्तनाच्या कर्करोगाच्या आठ जास्त घटना दिसल्या. गर्भाशय काढलेल्या, नुसते इस्ट्रोजेन घेणाऱ्या बायकांचा भाग २००४ मध्ये पक्षाघाताचा धोका दिसला म्हणून थांबला, पण त्यांच्यात स्तनाचा कर्करोग वाढलेला नव्हता. साठीतल्या बाईचा हा हिशेब तिशीत बीजकोश गमावलेलीला लावणे म्हणजे सासूचे चष्मे सुनेला घालणे. तिला मिळते ते जास्तीचे नसते, त्या वयात असायला हवे होते तेवढेच असते.

आपली एक जुनी वर्गणीदार मैत्रीण इंग्लंडात असते. तिने तिकडचे कळवले होते. २०१८ च्या अखेरीपासून तिथे या औषधांच्या पट्ट्या, मग जेल, दुकानांतून मिळेनासे होऊ लागले. २०१९ मध्ये सरकारने ही औषधे देशाबाहेर विकण्यावर निर्बंध घातले. २०२१ मध्ये टेलिव्हिजनवर रजोनिवृत्तीची उघड चर्चा झाली, मागणी आणखी वाढली, आणि २०२२ च्या वसंतात बायका एकमेकींना उरलेले जेल देऊ लागल्या. एप्रिल २०२२ मध्ये पुरवठ्यासाठी मॅडलिन मॅकटर्नन यांची खास नेमणूक झाली, काही औषधे एका वेळी तीन महिन्यांपेक्षा जास्त देऊ नयेत असा आदेश निघाला. पुढच्या वर्षी खर्च कमी करणारे वार्षिक प्रमाणपत्रही आले. वाचून मला हेवा वाटला, खोटे कशाला बोलू. तिथे लाखो चिठ्ठ्या लिहिल्या गेल्या होत्या म्हणून तुटवडा मोजता आला, मंत्र्याला जाब विचारता आला. आमच्या तालुक्यात चिठ्ठीच नाही. म्हणून दुकानदार माल मागवत नाही, माल नाही म्हणून डॉक्टर लिहीत नाहीत. तुटवडा शून्य!

टंचाईत काय करावे आणि करू नये, हे माझ्या आणि मैत्रिणींच्या चुकांतून शिकले ते लिहिते. काही आठवडे औषध चुकले तर जीव जात नाही, त्रास मात्र परततो. वर्षे चुकली तर हाडे जातात. चिठ्ठीवर कंपनीच्या नावासोबत औषधाचे मूळ नाव लिहून घ्या, म्हणजे दुसऱ्या कंपनीचे मिळू शकते. जेल, पट्टी, गोळी यांच्या मात्रा सारख्या नसतात, आणि गोळीने रक्ताची गुठळी होण्याचा धोका कातडीवर लावायच्या औषधापेक्षा जास्त असतो. अदलाबदल डॉक्टरांना विचारूनच. गर्भाशय असेल आणि प्रोजेस्टेरॉन संपले असेल तर एकटे इस्ट्रोजेन चालू ठेवू नका. मी तीन आठवडे तसे करणार होते, डॉक्टरीणबाई फोनवर रागावल्या. शतावरीचा डबा घेऊन येणाऱ्यांना नमस्कार करा, पण तो याला पर्याय नव्हे.

आमच्या बैठकांना येणाऱ्या पारलिंगी मैत्रिणींची गोष्ट याच पानावर हवी. २०२० च्या टाळेबंदीत त्यांचे इस्ट्रोजेन बंद पडले, तेव्हा दोघींनी दुकानातून कुटुंबनियोजनाच्या गोळ्या आणून दिवसाला चार-चार घेतल्या. त्या गोळ्यांतले इस्ट्रोजेन वेगळे असते, अशा मात्रेत गुठळीचा धोका फार. एकीची पोटरी सुजली आणि दवाखान्यात तिला आधी ‘कुठल्या वॉर्डात ठेवायचे’ यावर तासभर बसवून ठेवले. ती वाचली. कार्डे वाचण्याच्या कामात ती आता आमच्याबरोबर असते.

तर गोळ्यांचे. दहा जणींना आम्ही एका जाणत्या डॉक्टरांकडे नेले. दोघींना त्यांनी औषध दिले नाही: एकीला पूर्वी पायात गुठळी झाली होती, दुसरीच्या छातीत गाठ लागली, तिला आधी तपासणीला पाठवले आहे. आठ जणींना इस्ट्राडिऑलची रोज एक गोळी. हंगाम सहा महिन्यांचा, म्हणजे १४४० गोळ्या. स्टॉकिस्टने विचारले, ‘‘एवढ्या कशाला? दुकान टाकताय का?’’ चिठ्ठ्या दाखवल्यावर मागणी नोंदवली.

आजपावेतो ८४० आल्या आहेत. प्रत्येकीला साडेतीन महिने पुरतील एवढ्या पुड्या बांधून दिल्या. राहिलेल्या ६०० आल्या की पालांवर पोहोचवायच्या आहेत. तीन टोळ्या सांगलीकडे, दोन कोल्हापूरकडे आणि एक बेळगाव भागात आहे. त्या बाजूच्या वाचक मैत्रिणींपैकी कुणाला फेब्रुवारीत कारखान्याच्या पालावर जाता येईल, त्यांनी लवकर कळवावे.