एडा व्हिलाचे वारसदार

व्हिक्टोरिया राणीच्या अमदानीत उभे राहिलेले एखादे घर पुढे कुणा एतद्देशीय कुटुंबाने पाहुण्यांसाठी खुले करावे, पिढ्यान्‌पिढ्या चालवावे, आणि त्याचा इतिहास सांगण्याची वेळ आली म्हणजे सारे श्रेय मूळच्या साहेबाच्या पदरात घालून पुढच्या दीर्घ कालखंडाची आपण दोन ओळींत बोळवण करावी, ही रीत आता इतकी अंगवळणी पडली आहे की तिच्यातील अन्यायही कुणाच्या ध्यानात येत नाही. दार्जिलिंगच्या विंडामिअर हॉटेलकडे पाहिले म्हणजे हा अन्याय डोळ्यांत भरतो.

१८३५ साली सिक्कीमच्या राजाने सनद देऊन दार्जिलिंगचा डोंगर कंपनी सरकारच्या हवाली केला, तो सरकारच्या आजारी नोकरांना थंड हवेचा लाभ व्हावा एवढ्याच निमित्ताने. शतकाच्या मध्यास तेथे चहाचे मळे लागले, १८८१ मध्ये अरुंद रुळांवरची आगगाडी गावात येऊन पोचली, आणि मळ्यांवर महिनोन्‌महिने एकाकी काढणाऱ्या तरुण इंग्रज व स्कॉच मळेवाल्यांची गावात ये-जा वाढली. या ब्रह्मचाऱ्यांच्या मुक्कामाची सोय म्हणून ऑब्झर्व्हेटरी हिलच्या अंगावर एडा व्हिला नावाचे बोर्डिंग हाउस निघाले. ज्या टेकडीच्या माथ्यावर पूर्वी बौद्ध मठ होता आणि जेथे महाकालाच्या स्थानी हिंदू पुजारी व बौद्ध लामा आजही शेजारी शेजारी बसून पूजाअर्चा करतात, तिच्या कुशीत साहेबांची ही खानावळ थाटली गेली, यातील विनोद त्या मळेवाल्यांना कितपत कळला असेल, देव जाणे!

दुसरे महायुद्ध तोंडावर आले असता, १९३९ साली, या वास्तूचे विंडामिअर हे रीतसर हॉटेल झाले, आणि तिचा कारभार तिबेटी वंशाच्या तेंडुफ-ला कुटुंबाकडे राहिला. मुहूर्त असा की अवघ्या आठ वर्षांत साहेबमजकूर गाशा गुंडाळून विलायतेस रवाना झाले. म्हणजे ज्यांच्यासाठी घर, ज्यांच्यासाठी खाणे, ज्यांच्यासाठी दुपारच्या चहाचा थाट, तेच नाहीसे झाले. अशा वेळी जमाखर्चाचा विचार करणारा कुणीही शहाणा गृहस्थ मिळकत विकून मोकळा झाला असता. या कुटुंबाने ती विकली नाही. खोल्याखोल्यांतून कोळशाच्या शेगड्या पेटत राहिल्या, थंडीच्या रात्री अंथरुणात गरम पाण्याच्या रबरी पिशव्या ठेवल्या जात राहिल्या, आणि चहाची वेळ चुकली नाही.

हे सारे साम्राज्याच्या आठवणींचे दुकान आहे, असा आक्षेप घेणारे पुष्कळ आहेत, आणि तो सर्वस्वी खोटा आहे असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही. जुन्या धन्याचे शिष्टाचार त्याच्यापेक्षाही कसोशीने पाळण्यात थोडी लाचारी असतेच. परंतु दीर्घ वहिवाटीने या रीतींची मालकी बदलली आहे, हे आक्षेपक विसरतात. १९५९ च्या उन्हाळ्यात सिक्कीमचे युवराज पाल्देन थोंडुप नामग्याल आणि होप कुक ही अमेरिकन विद्यार्थिनी यांची पहिली गाठ याच हॉटेलात पडली. १९६३ मध्ये त्यांचा विवाह झाला, पुढे ती राणी झाली, आणि १९७५ साली ते राज्यच भारतात विलीन झाले. ज्या घराण्याने हा डोंगर दिला, त्याच्या अखेरच्या पर्वाचा एक धागा असा याच डोंगरावरच्या पाहुण्यांच्या घरात येऊन गुंतला. एडा व्हिलातल्या कुठल्याही मळेवाल्याच्या वास्तव्याहून हा प्रसंग मला अधिक ऐतिहासिक वाटतो, आणि तो घडला तेव्हा घरात गोऱ्या साहेबाची सत्ता नव्हती.

शिवाय घर राखणे हे काम केवळ हौसेने होत नाही. दार्जिलिंगचा पाऊस, धुके आणि ओल ही लाकडाची हाडवैरी. त्यात गोरखालँडच्या मागणीसाठी २०१७ मध्ये जो बंद पुकारला गेला तो १०४ दिवस चालला, आणि पाहुण्यांवर पोट भरणाऱ्या त्या गावाची काय दशा झाली असेल, हे निराळे सांगावयास नको. अशा संकटात भाडोत्री व्यवस्थापक राजीनामा देऊन सपाटीवर उतरू शकतो. घरच्या माणसाला ती सोय नसते.

आमच्या माथेरानातही हीच कथा थोड्या फरकाने आढळते. ठाण्याचे कलेक्टर मॅलेट १८५० साली डोंगर चढून आले आणि कॅप्टन बार यांचे घर १८५२ मध्ये उठले, ही माहिती घोडेवालाही तोंडपाठ सांगतो. पुढे ही घरे कुणी विकत घेतली, जांभ्या दगडाच्या भिंती दरसाल दोनशे इंचांच्या घरातल्या पावसात कुणी टिकविल्या, पावसाळ्यात गाव ओस पडले असता छपराची शाकारणी कुणाच्या पैशाने झाली, हे विचारले तर तोच घोडेवाला गप्प होतो, आणि सरकारी दप्तरही त्याच्याहून फारसे बोलके नाही. २००३ मध्ये माथेरान पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र ठरले, ते योग्यच झाले. परंतु निर्बंधांचे ओझे ज्यांच्या खांद्यावर पडते त्यांच्या खर्चाचा विचार त्याच तत्परतेने व्हावयास हवा होता. ज्या घरात मालकाचे कुटुंब राहते आणि पाहुण्यांची ऊठबसही तेच करते, त्याला मोठ्या कंपनीच्या हॉटेलाच्याच दराने घरपट्टी आकारण्यात कसला न्याय आहे? जेथे जमीन सरकारी पट्ट्याची आहे तेथे अशा कुटुंबांना नूतनीकरणाच्या अटी सौम्य असाव्यात, दुरुस्तीचा परवाना पावसाळ्यापूर्वी हाती पडावा, आणि वारसास्थळांच्या यादीत साहेबाच्या नावाखाली पुढच्या प्रत्येक धारकाचे नाव सालवार नोंदवावे.