उपास आणि शरीराचा जमाखर्च

पंढरपूर आमच्याच जिल्ह्यांत असल्यामुळें मोहोळच्या घराघरांत एकादशीचा उपास परिचित आहे. ‘एकादशी नि दुप्पट खाशी’ ही म्हणही तितकीच परिचित आहे. परंतु अलीकडे वरच्या वर्गांतील कांहीं मुलें केवळ सडपातळ दिसावें म्हणून न्याहारी सोडूं लागलीं आहेत. दिवसांतून दोनच वेळां जेवण्याची डॉ. जगन्नाथ दीक्षित यांची पद्धति महाराष्ट्रांत लोकप्रिय झाली, आणि घरांतील वडील मंडळींचें पाहून मुलांसही तसें करावेंसें वाटतें. आमच्या मतें वाढत्या वयांत हें अनुकरण हितावह नाहीं.

एक दिवस अन्न न मिळाल्यास यकृतांत सांठविलेली साखर व मागाहून चरबी खर्चीं पडते; तेवढ्यानें चयापचय मंदावत नाहीं. पण आठवडेच्या आठवडे अर्धपोटीं राहिल्यास शरीर अवर्षणांतील शहाण्या शेतकऱ्याप्रमाणें वागतें. कणगींतील ज्वारी पाहून तो जसा हात आंखडतो, तसें तेंही आपल्या खर्चास आळा घालतें. अमेरिकेंतील मिनेसोटा विद्यापीठांत १९४४-४५ सालीं ॲन्सेल कीज यांनीं ३६ निरोगी तरुणांस, त्यांच्या संमतीनें, २४ आठवडे अपुऱ्या अन्नावर ठेविलें. त्यांचें वजन सुमारें चौथाईनें घटलें. पण विश्रांतींतील शरीराचा खर्चही शेंकडा सुमारें ४० नें उतरला. त्यांस थंडी वाजे, उत्साह राहिला नाहीं, मन सदा अन्नाभोंवतीं घोटाळे. पुढें पोटभर अन्न मिळूं लागतांच कित्येकांच्या अंगीं पूर्वीहून अधिक चरबी चढली.

खाण्याचे तास नेमून घेतल्यानें तरी विशेष लाभ होतो काय? चीनमधील ग्वांगझू येथें १३९ स्थूल प्रौढांवर वर्षभर केलेला प्रयोग २०२२ सालीं प्रसिद्ध झाला. उष्मांक दोन्ही गटांत सारखेच कमी केले असतां, आठ तासांतच खाणाऱ्यांचें वजन इतरांहून विशेष अधिक उतरलें नाहीं.

पालकांनीं आणखी एक आंकडा ध्यानांत ठेवावा. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत देशांतील १५ ते १९ वर्षांच्या मुलींपैकीं शेंकडा ५९ मुलींस रक्तक्षय आढळला. अशा मुलीनें आणखी एक जेवण सोडणें म्हणजे रित्या कणगींतून धान्य काढणें होय.

श्रद्धेनें केलेल्या उपासाविरुद्ध आमचें कांहीं म्हणणें नाहीं. प्रौढांनीं वजन अवश्य उतरवावें, पण डॉक्टरांच्या सल्ल्यानें. मुलांनीं भाकरी, आमटी, पालेभाजी व शेंगदाण्याची चटणी वेळेवर खावी, तळलेले पदार्थ व बाटलींतील गोड पेयें वर्ज्य करावींत आणि मैदानावर मनसोक्त खेळावें. मुलीनें न्याहारीची ताटली मागें सारली, तर मातापित्यांनीं तिच्या संयमाचें कौतुक करूं नये. तिच्या अंगलटीवरून कोणी तिला चिडविलें काय, हें प्रेमानें विचारावें.