पोवाडा कुणी गायचा?

शिरपूर जैनच्या पारावर चार पोरं मोबाइलवर लढाया मारतात. एकाच्या फोनची काच तडकलेली, पॉवर बँक चौघांत मिळून एक. ‘आमच्या टीमचं विकिपीडियावर पान का नाही?’ हा त्यांचा सवाल. गड्यांनो, गावातल्या अंतरिक्ष पार्श्वनाथाच्या जैन मंदिराची दखल गावाबाहेरच्यांनी शतकानुशतकं घेतली, म्हणून त्याला पान. केतकरांच्या छापील ज्ञानकोशाचे खंड झाले २३, तिथं जागा मोजूनमापून. विकिपीडियाला कागदाची ददात नाही, तरी कसोटी आहेच: तिऱ्हाइतानं, विश्वासार्ह ठिकाणी, तुमच्यावर सविस्तर लिहिलंय का? खेळ हलका म्हणून नव्हे, पुरावा नाही म्हणून पान नाही. आपला पोवाडा आपणच गायचा नसतो. खेळत राहा, शाहीर आला तर पानही येईल.