शेवया कोणाच्या? खिरीच्या वाटीवर सांगितल्या जाणाऱ्या खोट्या मालकीविषयी

१/ रमजान ईद जवळ आली की समाजमाध्यमांवर एक वाद ठरल्याप्रमाणे उगवतो. एक पक्ष सांगतो : शेवया मुघलांनी आणल्या, त्यापूर्वी या देशाला त्या ठाऊकच नव्हत्या. दुसरा पक्ष उत्तरतो : खीर वैदिक, म्हणून शेवयाही वैदिक, शीरखुर्मा ही उचललेली नक्कल. दोन्ही विधाने खोटी आहेत, आणि दोन्ही एकाच आळसातून जन्मली आहेत. पुरावा न पाहता मालक ठरवायचा, हा तो आळस.

२/ हा वाद निरुपद्रवी वाटतो, पण तसा तो नाही. पदार्थाचा धर्म ठरला की शेजारच्या घरून आलेल्या डब्याचाही धर्म ठरतो. मग तो डबा घ्यावा की न घ्यावा, याचा विचार सुरू होतो. ज्या गल्ल्यांत असा विचार कोणाला शिवत नसे, तिथे तो इतिहासाचे नाव घेऊन शिरतो. म्हणून इतिहासानेच त्याचा समाचार घेणे प्राप्त आहे.

३/ प्रथम ‘मुघलांनी आणल्या’ हा दावा. बाबराने पानिपत जिंकले १५२६ साली. त्याच्या ५०० वर्षे आधी, इ. स. १०२५ च्या सुमारास, पश्चिम चालुक्य राजा दुसरा जयसिंह याच्या आश्रयाने दुसऱ्या चावुंडरायाने ‘लोकोपकार’ हा कन्नड ग्रंथ रचला. शेती, भूजल, पशुवैद्यक यांबरोबर त्यात पाकशास्त्रही आहे. त्यात ‘शाविगे’ करण्याची रीत येते आणि ती पाडण्याच्या साच्याचाही उल्लेख येतो.

४/ काळाचे भान यावे म्हणून : गझनीचा महमूद सोमनाथवर चालून गेला तो याच सुमारास. दिल्लीची सुलतानशाही अजून पावणेदोनशे वर्षे दूर होती. अलाउद्दीन देवगिरीच्या दाराशी आला १२९६ साली. तेव्हा दख्खनच्या स्वयंपाकघरात शेवईचा साचा कित्येक पिढ्यांचा जुना झालेला होता.

५/ आता भाषेकडे पाहावे. फारसीत अशा पदार्थाला ‘रिश्ता’ म्हणतात. त्याचा मूळ अर्थ धागा. (नाते या अर्थाचा ‘रिश्ता’ तोच. माणसे जोडणारा धागा आणि पातेल्यात शिजणारा धागा फारसीत एकाच नावाचे आहेत.) अरबीत जुना शब्द ‘इत्रिया’. अल्-इद्रिसी या भूगोलज्ञाने ११५४ साली सिसिलीतील त्राबिया गावी इत्रिया तयार होऊन जहाजांनी दूरदेशी जात असल्याचे नोंदवले आहे.

६/ (या एका नोंदीने आणखी एक लोकप्रिय भाकडकथा निकालात निघते. मार्को पोलो चीनहून व्हेनिसला परतला १२९५ मध्ये. इटलीला शेवयांसारखे पदार्थ त्याने शिकवले म्हणावे, तर सिसिलीत त्याच्या १४० वर्षे आधी त्यांचा व्यापार कसा चालला होता? पदार्थाला एकच जनक हवा असतो तो गोष्टी सांगणाऱ्यांना.)

७/ शेवया आयात मालच असत्या तर ‘रिश्ता’ वा ‘इत्रिया’ यांपैकी एखादे नाव इथे रुजलेले दिसले असते. तसे काही घडले नाही. मराठीत शेवई, हिंदीत सेवई, उर्दूत सिवय्याँ, बंगालीत सेमाई, कन्नडात शाविगे, तमिळमध्ये सेवै, तेलुगूत सेमिया. दरबाराची भाषा फारसी होती, पण पातेल्यातील या धाग्याचे नाव दरबारालाही बदलता आले नाही.

८/ सावध वाचक इथे एक आक्षेप घेईल, आणि तो रास्त आहे. मुघलांच्या कितीतरी आधीपासून अरब व्यापारी पश्चिम किनाऱ्यावर होते. अल्-मसूदी हा प्रवासी दहाव्या शतकाच्या आरंभी चौलला येऊन गेला. तेथील मोठ्या मुसलमान वस्तीचे वर्णन त्याने केले आहे. म्हणजे संपर्क होता, आणि तो नाकारणे अडाणीपणाचे ठरेल. परंतु संपर्क म्हणजे आयात नव्हे. मळलेले पीठ ताणून वाळवणे ही युक्ती गहू वा तांदूळ दळणाऱ्या कोणत्याही समाजाला सुचण्याजोगी आहे.

९/ येथवर वाचून दुसरा पक्ष सुखावला असेल. आता त्याची पाळी.

१०/ ऋग्वेदाच्या आठव्या मंडलात दुधात शिजवलेला ओदन आहे, बृहदारण्यक उपनिषदात क्षीरौदन आहे. दोन्ही ठिकाणी अर्थ एकच : दूध-भात. शेवई तिथे कोठेही नाही. भाताच्या खिरीचे प्राचीनत्व शेवयांच्या खिरीला उसने देणे म्हणजे आजोबांच्या जन्मतारखेवर नातवाचे निवृत्तिवेतन मागणे होय.

११/ संस्कृतात शेवयांची दुधातली पाककृती स्पष्टपणे भेटते ती भावमिश्राच्या ‘भावप्रकाश’ या वैद्यकग्रंथात. पदार्थाचे नाव ‘सेविका’. बारीक गव्हाच्या पिठाच्या सूक्ष्म वाती वळाव्यात, वाळवाव्यात, दुधात शिजवून तूप-साखरेसह खाव्यात, असा त्याचा आशय. आजच्या कोणत्याही मराठी घरातील आजी ही कृती ऐकून मान डोलावील.

१२/ पण हा भावमिश्र कधीचा? सोळाव्या शतकातला. म्हणजे मुघलांचा समकालीन. आणि तो काही कवाडे लावून बसलेला पंडित नव्हता. पोर्तुगीजांबरोबर आलेल्या उपदंशाला ‘फिरंग रोग’ असे नाव देऊन त्याने त्याचे वर्णन केले. त्यावर चोपचिनी हे परदेशातून येणारे औषध सांगितले. ज्या ग्रंथाचा आधार घेऊन ‘शुद्ध’ परंपरा सिद्ध करायची, तो ग्रंथच जगाकडे डोळे उघडे ठेवून लिहिलेला आहे.

१३/ त्याच शतकाच्या अखेरीस अबुल फझल ‘आईन-इ-अकबरी’त बादशाही मुदपाकखान्याचे हिशेब देतो. त्यात ‘शीरबिरंज’ आहे : दूध १० शेर, तांदूळ १ शेर, खडीसाखर १ शेर, मीठ १ दाम. नाव फारसी, पदार्थ तांदळाची खीर. जो पदार्थ एका पक्षाला निखळ वैदिक वाटतो, तोच अकबराच्या दस्तरख्वानावर फारसी नावाने नांदत होता. (गोडात चिमूटभर मीठ घालण्याची रीत आजही अनेक घरी आहे. तिचा धर्म शोधण्यास अद्याप कोणी निघालेले नाही.)

१४/ आता शब्दांची खरी गंमत. ‘खीर’ हा शब्द संस्कृत ‘क्षीर’ वरून आला, अर्थ दूध. ‘शीरखुर्मा’ मधील ‘शीर’ हा फारसी शब्द, अर्थ दूधच. भाषाशास्त्राच्या हिशेबाने क्षीर आणि शीर ही एकाच आद्य भारत-इराणी शब्दाची दोन रूपे आहेत. ज्या दोन वाट्या परस्परांच्या वैरी म्हणून समोरासमोर मांडल्या जातात, त्यांची नावे सख्ख्या बहिणी निघतात.

१५/ ‘खुर्मा’ म्हणजे खजूर. बोलीत त्याचे ‘शिरकुर्मा’ झाले आणि मसालेदार कुर्म्याशी त्याचे नाते असावे असा गैरसमज पसरला; तसे ते नाही. शीरखुर्मा म्हणजे दूध आणि खजूर, एवढेच. या नावात शेवयांचा उल्लेखच नाही, याकडे फार थोड्यांचे लक्ष गेले आहे. फारसी नाव दूध-खजुरापाशी थांबते. त्याच्या पुढचे जे पातेल्यात आहे, ते इथले आहे.

१६/ खजुराला धार्मिक आधार आहे. ईद-उल्-फित्रच्या नमाजला निघण्यापूर्वी प्रेषित काही खजूर खात, असे हदीस सांगते. शेवयांना असा कोणताही आधार नाही, आणि तो कोणी धर्मज्ञ सांगतही नाही. अरब देशांत ईदला खजूर भरलेले ‘मामूल’ करतात, इंडोनेशियात नारळाच्या पात्यांत शिजवलेला भात ‘केतुपात’. शेवया करतात ते भारत, पाकिस्तान, बांगलादेश. श्रद्धा सर्वत्र एक असली तरी तिचे पक्वान्न त्या-त्या भूमीने ठरवले.

१७/ मग ईदला शेवयाच का? कारण बहुधा व्यवहारी असावे. ईद ठरते ती आदल्या संध्याकाळी, चंद्र दिसल्यावर. सकाळच्या नमाजपूर्वी गोड तयार हवे. तांदळाच्या खिरीला आटवत बसावे लागते. तुपात परतलेल्या शेवया उकळत्या दुधात काही मिनिटांत शिजतात. शिवाय चांद्र वर्षामुळे ईद दरवर्षी सुमारे ११ दिवस अलीकडे सरकते आणि साधारण ३३ वर्षांत सगळे ऋतू फिरून येते. कोणत्याही ऋतूत घरात असेल असा पदार्थ हवा, तर तो वाळवणाच्या डब्यातलाच.

१८/ वाळवण म्हटले की ग्रंथ मागे पडतात आणि खरा इतिहास सुरू होतो. तो अंगणात घडला, चैत्र-वैशाखाच्या उन्हात. गहू ओलवून, दळून, कापडातून गाळून सपीठ वेगळे काढायचे. घट्ट मळलेले पीठ कुटून-कुटून असे तयार करायचे की ते ताणले तरी तुटू नये. मग लाकडी पाट उतरता टेकवायचा, त्यावर तळहाताने पीठ वळत न्यायचे, आणि खाली दुसरीने तो केसासारखा धागा झेलून काठीवर टाकायचा. एकटीचे हे काम नव्हेच. त्याला चार जणी लागतात.

१९/ या कामाचे शब्दभांडार पाहावे. गव्हले, मालत्या, नखुले, बोटवे, फेण्या. गव्हले गव्हाच्या दाण्याएवढे, नखुले नखाच्या दाबाने वळलेले, बोटवे बोटांवर. लग्नघरी गव्हले वळण्याचा मुहूर्त सवाष्णी करीत, आणि ही चिमुकली शिल्पे रुखवतात मांडली जात. पास्त्याचे प्रकार पाठ असलेल्या किती मराठी तरुणांना यांतील दोन नावे तरी सांगता येतील? कोकणात तांदळाचे शिरवाळे साच्यातून पाडून नारळाच्या गोड रसाबरोबर खातात, गोव्यात त्याच धर्तीच्या शेवयो. तिथे गहू नाही, गाईचे दूधही नाही, आणि तरी ती शेवईच.

२०/ हे सारे ज्ञान बायकांच्या हातांत होते. चावुंडरायाने लिहिले, भावमिश्राने लिहिले, अबुल फझलने हिशेब दिला. वळणाऱ्या एकीचेही नाव कोणी टिपले नाही. मालकीचा वाद घालणारे आजचे वीरही तेच करीत आहेत. राजे, आक्रमणे, ऋचा यांची नावे फेकताना ज्यांच्या मनगटांनी हा पदार्थ शतकानुशतके जिवंत ठेवला, त्या त्यांच्या लेखी कोठेच नाहीत.

२१/ आणि या बायका एकाच धर्माच्या नव्हत्या. हाताने फिरवायचे लोखंडी यंत्र आले तेव्हा तेही प्रत्येक घरी नव्हते. ते मागून आणले जाई, खाटेच्या कडेला आवळले जाई. जिच्या घरचे यंत्र, तिच्या घरचा दिवस सांभाळून. त्या शेवया एका घरी जावई आल्यावर दूध-साखरेत पडत, दुसऱ्या घरी गुळवणीत, तिसऱ्या घरी ईदच्या पातेल्यात. उत्तर भारतात अनेक हिंदू घरांत रक्षाबंधनाला त्यांचीच खीर होते.

२२/ शुद्धतेच्या आग्रह्यांसाठी आता पातेल्याची झडती. वेलची सह्याद्रीची. चारोळी मध्य भारताच्या रानातली, आदिवासींनी वेचलेली. जायफळ मूळचे इंडोनेशियाच्या बांदा बेटांवरचे. पिस्ते इराणकडचे, खारीक आखाती मुलखाची. काजू मूळचा ब्राझीलचा. तो पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात पश्चिम किनाऱ्यावर आणला. साखर मात्र इथली : संस्कृत ‘शर्करा’, तिचीच फारसी ‘शकर’.

२३/ यातले परके ते काढून टाकायचे ठरवले तर शीरखुर्म्यातून चारोळी, साखर आणि शेवया जातील. उरेल दूध आणि खारीक. खिरीतून काजू, पिस्ते, जायफळ जाईल, आणि सत्यनारायणाच्या प्रसादाचे नावही बदलावे लागेल, कारण ‘शिरा’ हा शब्द फारसी घराण्यातला आहे. एवढे धैर्य दोन्ही पक्षांपैकी कोणी अजून दाखवलेले नाही.

२४/ शेवया आता बहुतेक घरी कारखान्यातून येतात. भाजलेल्या, तुकडे केलेल्या, पिशवीबंद. हाताच्या शेवया हव्या असतील तर बचत गटाच्या विक्रीकेंद्रावर जावे लागते. त्यामुळे या पदार्थावर मालकी सांगणाऱ्या दोन्ही पक्षांना साधे प्रश्न विचारता येतील. घरातला शेवयांचा पाट कोठे आहे? तो शेवटचा कोणी वापरला? तिच्या समोर बसून धागा झेलणारी कोण होती, आणि ती कोणत्या घरातून येत असे?