रंग उडाला, पुढे काय?

ब्रोमीन वॉटरचा तांबूस-पिवळा रंग उडाला की जर्नलात ‘असंपृक्त’ असे लिहून मोकळे व्हावयाचे, ही आपल्या प्रयोगशाळेची रीत मला घातक वाटते. फिनॉल आणि ॲनिलिनही हा रंग घालवतात. पण तेथे पांढरा साका येतो, कारण ब्रोमीन दुहेरी बंधाला जोडला न जाता वलयावरील हायड्रोजनची जागा घेतो. बेंझीनच्या आकृतीत आपण तीन दुहेरी बंध काढतो. तरी त्याबरोबर ब्रोमीन वॉटर हलवले, तर रंग नुसता वरच्या थरात चढतो, नाहीसा होत नाही. हे सारे डोळ्यांना दिसते, पण पाहतो कोण?

बालार या तरुण फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १८२६ साली ब्रोमीनचा शोध जाहीर केला. त्यापूर्वीच तो द्रव लीबिगसारख्या जर्मन पंडिताच्या हाती आला होता. पण आयोडीन क्लोराइड समजून त्यांनी तो बाजूला ठेवला. नाव आधी ठरले, पाहणे राहून गेले!

म्हणून माझे म्हणणे एवढेच, की प्रात्यक्षिक परीक्षेत उत्तरापेक्षा निरीक्षणाला अधिक गुण असावेत. नाहीतर पाठ केलेली उत्तरे तेवढी वाढतील, रसायनशास्त्र नव्हे.